फ्यूज तारेला वाचवतो, बाईला कोण वाचवणार?

विजेच्या बाबतीत आपल्या घराघरांतून एक अलिखित वाटणी झालेली आहे. बटण बाईचं आणि बोर्ड पुरुषाचा. मिक्सर चालवायचा बाईने, इस्त्री करायची बाईने, नळाला पाणी आलं की मोटार लावायची बाईने, अंघोळीच्या पाण्यात हीटरचा रॉड सोडायचा बाईने, उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा कूलरमध्ये पाणी ओतायचं तेही बाईनेच. पण फ्यूज उडाला की मात्र तिने हात लावायचा नाही. नवरा येईपर्यंत, नाहीतर दिराला नाहीतर शेजारच्या पोराला हाक मारून तो येईपर्यंत अंधारात बसायचं. शेजारचं पोरगं अकरावीत असतं, विजेचं त्याला काडीचं कळत नसतं. तरीही तो ‘गडीमाणूस’ असतो.

ही वाटणी वरवर पाहता गमतीची वाटते. ती गमतीची नाही. विजेशी दिवसभर ज्याचा संबंध येतो त्याला तिची माहिती नाही, आणि ज्याला माहिती आहे असं मानलं जातं तो दिवसभर घरात नाही, असा हा उफराटा प्रकार आहे. त्यात जीव जातात. म्हणूनच स्त्रियांच्या चळवळीने या विषयाकडे पाहायला हवं. हुंडा, मारहाण, पोटगी, जमिनीत नाव हे आपले प्रश्न आहेतच. पण ज्या भिंतीआड हे सगळं घडतं, त्या भिंतीतून जाणारी तारही आपलाच प्रश्न आहे.

हे मी गंगाखेडहून लिहिते आहे, याला कारण आहे. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. गोदावरीच्या काठी जन्मलेली ही बाई पंढरपुरात नामदेवाच्या घरी राबली. दळण, कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं हे सगळं तिने केलं आणि त्यातूनच तिने अभंग रचले. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसत असे, ही कथा आपण सगळ्याजणी ऐकत मोठ्या झालो. त्या कथेत बाईच्या कष्टांची दखल आहे, म्हणून ती आपल्याला आवडते. पण आज जातं गेलं, पिठाची गिरणी आली, पाट्याच्या जागी मिक्सर आला, रहाट गेला आणि मोटार आली. बाईचं काम यंत्रावर आलं, यंत्राची विद्या मात्र बाईकडे आली नाही. फ्यूज बसवायला काही विठ्ठल येणार नाही. तो आपल्यालाच बसवावा लागेल.

आधी फ्यूज म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कारण ही माहिती ‘तांत्रिक’ म्हणून आपल्यापासून दूर ठेवली गेली आहे, आणि ती कळायला चौथीचं गणित पुरतं.

तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. भिंतीतल्या तारेवरून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह गेला तर तिचं वरचं आवरण वितळतं आणि घराला आग लागते. ते होऊ नये म्हणून वाटेत मुद्दाम एक नाजूक तार ठेवलेली असते. प्रवाह वाढला की ती आधी तापते, वितळते, तुटते आणि वाट बंद होते. हाच फ्यूज. चिनी मातीचा तो पांढरा तुकडा, ज्याला आपल्याकडे ‘किटकॅट’ म्हणतात, तो नुसता डबा. खरा फ्यूज म्हणजे त्यातली केसासारखी तार.

ही तार किती जाड असावी याचा हिशेब असतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची कथील चढवलेली तांब्याची तार लागते, १५ अँपिअरला ०.५ मिलिमीटरची. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. ७५० वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर आले. झालं गणित! किराणा दुकानाची उधारी तोंडी जुळवणाऱ्या बाईला हे जमणार नाही असं कोण म्हणतो?

आता घरोघरी काय होतं ते पाहा. फ्यूज दोनदा उडाला की घरातला ‘जाणकार’ वैतागतो आणि मिळेल त्या वायरचा जाड तुकडा किटकॅटमध्ये पिळून टाकतो. ‘आता उडणारच नाही’ असं वर अभिमानाने सांगतो. खरंच उडत नाही! ती जाड तार वितळायच्या आधी भिंतीतली तार वितळते. फ्यूज उडतो याचा अर्थ तो आपल्याला काही सांगत असतो. कुठेतरी बोजा जास्त झाला आहे, कुठेतरी दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत. ते न ऐकता सांगणाऱ्याचंच तोंड बंद करायचं. बायांनो, ही पद्धत आपल्या ओळखीची नाही का? घरात तक्रार करणाऱ्या सुनेचं जे करतात, तेच फ्यूजचं करतात.

पण मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. फ्यूज अगदी योग्य तारेचा असला, तरी तो तारेला वाचवतो. बाईला नाही. ही गोष्ट आपल्याला कुणीच सांगत नाही.

ओल्या अंगाचा माणूस विजेच्या वाटेत आला तर त्याच्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहम धरतात. २३० भागिले हजार, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडून मरण येऊ शकतं. आणि आपला घरातला सगळ्यात लहान फ्यूज किती सोसतो? ५ अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर. बाई मरायला जेवढी वीज पुरते तिच्या दीडशे पटींहून जास्त वीज गेली तरी फ्यूज जागचा हलत नाही. बाई तडफडत असते आणि फ्यूज शाबूत असतो. नव्या घरांतून किटकॅट जाऊन एमसीबी आली, तिचंही काम हेच. तीही तारेचीच राखण करते.

मराठवाड्याचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळीसच्या वर जातो. घरात पत्र्याचा कूलर. आत पाणी, पाण्यातच बुडालेला पंप, त्याच्या जुनाट वायरला चिकटपट्टीचे जोड. फरशी ओली, पाय अनवाणी. चालू कूलरमध्ये बाई बादली ओतते. आतली जिवंत तार पत्र्याला लागलेली असेल तर पुढचं सांगायला नको. दर उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वर्तमानपत्रांतून अशा चार ओळींच्या बातम्या येतात. पावसाळ्यात पत्र्याच्या घरांच्या आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारांच्या येतात. देशभरात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात. यात शेतकरी आहेत, मजूर आहेत, वायरमन आहेत. पण ज्या मृत्यूंची जागा ‘घर’ असते तिथे बाई आणि मूलच जास्त वेळ असतात, हे सांगायला आकडा लागत नाही.

आणि ती मेली की लोक काय म्हणतात? ‘ओल्या हाताने कशाला हात लावला?’ तिचा हात कोरडा असतो कधी? भांडी, धुणं, स्वयंपाक, कूलरचं पाणी, यांतल्या कुठल्या कामात तिचा हात कोरडा राहावा अशी अपेक्षा आहे? मारहाणीत ‘तिनेच उलट उत्तर दिलं असेल’, जळीत प्रकरणात ‘पदर स्टोव्हवर गेला असेल’, आणि इथे ‘ओला हात लागला असेल’. दोष दरवेळी बाईच्या शरीराचा! जोड उघडा कुणी ठेवला, आर्थिंग का नव्हतं, फ्यूजच्या जागी खिळा कुणी ठोकला, हे विचारायची पद्धतच नाही.

कूलरच्या पत्र्याला तिसऱ्या पिनेतून जमिनीची वाट करून दिलेली असते, तिला आर्थिंग म्हणतात. जिवंत तार पत्र्याला लागली की प्रवाह त्या वाटेने जोरात जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पण ती वाट मोकळी असेल तरच. आर्थिंगचा विरोध पाच ओहम असेल तर ४६ अँपिअर वाहतील आणि फ्यूज तत्काळ उडेल. तोच शंभर ओहम असेल तर सव्वादोन अँपिअर वाहतील, फ्यूज उडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि विरोध वाढतो. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर लागतो त्याच महिन्यांत आर्थिंग आजारी पडतं. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं, हे किती घरांतल्या बाईला सांगितलं गेलं? किती घरांत तिसरी पिन तोडून दोन पिनांवर काम चालवलं जातं?

बाईला वाचवणारं उपकरण वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. ते बचत गटाच्या वहीसारखं काम करतं. जेवढी वीज एका तारेने आत गेली तेवढीच दुसरीने परत आली का, एवढंच ते सतत ताडून पाहतं. ३० मिलिअँपिअरची जरी तूट आली, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वीज जमिनीकडे चालली आहे असं दिसलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतं. दोन्ही तारा एकदम हातात धरल्या तर तेही वाचवू शकत नाही, आणि ते आलं म्हणून आर्थिंग नको असंही नाही. पण कूलरच्या पत्र्याला चिकटलेल्या बाईला ते वाचवतं. त्याची किंमत एका बऱ्यापैकी मिक्सरपेक्षा जास्त नाही. लग्नात मिक्सर देतात, फ्रीज देतात. हे कुणी देत नाही.

‘हे बायकांचं काम नाही’ हे वाक्य आता तपासू.

मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे ‘सीप्झ’, सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून पट्ट्यावर बसून बारीक बारीक जोड सोल्डर करायला कुणाला घेतलं? मुख्यतः तरुण मुलींना. जगभर हेच झालं. मालक म्हणत, बायकांची बोटं नाजूक आणि चपळ. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ मध्ये एका गाजलेल्या लेखात या ‘चपळ बोटां’चं बिंग फोडलं. बोटं जन्मतः चपळ नसतात. घरात आई मुलीकडून शिवण-टिपण करवून घेते, ते वर्षानुवर्षांचं फुकट प्रशिक्षण असतं. ते निसर्गाच्या खाती टाकलं की कौशल्याचा पगार द्यावा लागत नाही. म्हणजे स्वस्तात हजारो जोड सोल्डर करायचे असतील तेव्हा बाईचा हात कुशल, आणि स्वतःच्या घरातला एक जोड लावायचा असेल तेव्हा तोच हात अडाणी! ही नाजूक बोटांची गोष्ट नाही मैत्रिणींनो, ही मजुरीची आणि सत्तेची गोष्ट आहे.

आपल्या देशात ए. ललिता नावाची बाई १९४३ मध्ये मद्रासजवळच्या गिंडीच्या महाविद्यालयातून विद्युत अभियंता झाली. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगी. अशा बाईने त्या काळात पारेषण वाहिन्यांच्या कामापर्यंत मजल मारली. इंग्लंडात कॅरोलिन हॅस्लेट या बाईंनी १९२४ मध्ये सुरू झालेल्या बायकांच्या विद्युत संघटनेचं काम वर्षानुवर्षं पाहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरातल्या वायरिंगचा विचार करायला तिथे वीस जणांची समिती नेमली, त्यात ही एकटी बाई होती. त्या कामातून १९४७ मध्ये तिथल्या प्लगचं प्रमाण ठरलं. त्यात प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज, आणि मुलाने काडी घातली तरी आत जाऊ नये म्हणून भोकांना झडप! स्वयंपाकघर ज्यांच्या रोजच्या अनुभवाचं आहे त्यांना समितीत घेतलं की काय फरक पडतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात महावितरणच्या तंत्रज्ञ उषा जगदाळे विजेच्या खांबावर सरसर चढून काम करतात, हे २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. लोकांनी कौतुक केलं, ‘रणरागिणी’ म्हटलं. पण आपल्याला रणरागिण्या नकोत. एखादी अपवाद म्हणून मखरात बसवली की बाकीच्यांना घरी बसवायला मोकळे. राज्यातल्या शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मग वीजतंत्री आणि तारतंत्रीच्या वर्गात जाऊन मुली मोजा, आणि शिवणकामाच्या वर्गात जाऊन मोजा. फॉर्म भरताना मुलीला कुठल्या रांगेत उभं केलं जातं, हा खरा प्रश्न आहे.

सोल्डरिंगचंही तेच. ते काही परकं शास्त्र नाही. कल्हईवाल्यासमोर बसून आपण लहानपणापासून ते पाहिलेलं आहे. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, धूर निघतो, मग कथील फिरवतो आणि भांडं चकाकतं. नवसागराने भांड्यावरचा मळ निघतो, म्हणून कथील धरतं. सोल्डरिंगमध्ये नवसागराच्या जागी राळ असते आणि कथलात शिसं मिसळलेलं असतं. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं यांचं मिश्रण १८३ अंशांना वितळतं. नुसतं कथील २३२ ला आणि नुसतं शिसं ३२७ ला वितळतं. कृती सोपी आहे. तांब्याची तार खरवडून स्वच्छ करायची, दोन्ही टोकं घट्ट पिळायची, गरम कावियाने तार तापवायची आणि सोल्डर काविया ऐवजी तारेला लावायचं. तार पुरेशी तापली असेल तर ते पाण्यासारखं आत शिरतं. नुसतं वर थेंबासारखं बसलं तर जोड कच्चा, तो पुढे तापणार. जोडाची ताकद पिळ्यात असावी, सोल्डरवर तार लोंबकळत ठेवू नये. आणि होल्डर किंवा प्लगच्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नये. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि तिथे ठिणगी पडते. अॅल्युमिनियमच्या तारेला हे साधं सोल्डर धरत नाही. शिसं विषारी आहे, म्हणून हे काम खिडकीपाशी करावं, धूर छातीत घेऊ नये, चुलीजवळ नि लेकरांजवळ करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने तर दूरच राहावं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आपल्यातूनच येईल. आधीच बाईच्या डोक्यावर इतकी कामं, त्यात हे आणखी एक कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. काम वाढवा असं माझं म्हणणं नाही. पुरुषाने इस्त्री करावी, कूलर भरावा, मोटार लावावी हा आग्रह सोडायचा नाहीच. पण काम आणि ज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फ्यूज कधी बदलावा लागतो हे कळणं म्हणजे रोज तो बदलणं नव्हे. आज जोखीम बाईकडे आहे आणि निर्णय दुसऱ्याकडे. आरसीसीबी घ्यायची की नवा टीव्ही, हे ठरवताना जिला गणित कळतं तीच बोलू शकते. शिवाय परित्यक्ता, विधवा, एकट्या राहणाऱ्या बाया, ऊसतोडीला गेलेल्या मुकादमाच्या टोळीमागे गावात राहिलेल्या म्हाताऱ्या, यांनी कुणाची वाट पाहायची?

दुसरा आक्षेप येईल की वीज धोक्याची, बायकांना शिकवलं तर जास्त मरतील. हा आक्षेप पोहायला शिकवलं तर बुडतील असं म्हणण्यासारखा आहे. शिकण्यातला पहिला धडाच मर्यादेचा असतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय किटकॅटला हात नाही. बंद केल्यावरही टेस्टर लावून पाहायचं. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे. फ्यूज जिवंत तारेवरच असावा, न्यूट्रलवर नसावा. हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून सांगितलेलं आहे. मीटरच्या अलीकडची तार, खांब आणि डीपी यांना आपण कधीच हात लावायचा नाही, आणि नवऱ्यालाही लावू द्यायचा नाही. डीपीवर काठीने फ्यूज टाकायला चढलेले किती शेतकरी उतरलेच नाहीत! तिथे मर्दुमकी नको, तिथे महावितरणचा माणूस यायला हवा, आणि तो वेळेवर येत नसेल तर मोर्चा हवा.

कारण हा प्रश्न नुसत्या शिकण्याने सुटणार नाही. २०१७ च्या सौभाग्य योजनेत गरिबांच्या घरांना मोफत जोडण्या मिळाल्या. घरकुलं मिळतात. जोडणी दिली की आकडा पूर्ण होतो, फोटो निघतो. आमची मागणी आहे की प्रत्येक घरकुलात आणि गरिबांच्या प्रत्येक जोडणीत चालू स्थितीतलं आर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी शासनाने द्यावी. जोडणीच्या वेळी ठेकेदार जो टेस्ट रिपोर्ट देतो तो घरातल्या बाईला वाचून दाखवावा आणि तिची सही घ्यावी. मीटरवर बाईचं नाव लागावं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ मध्ये विजेच्या अपघाताची खबर देण्याची आणि चौकशीची तरतूद आहे. घरात विजेने बाई मेली तर ‘अकस्मात मृत्यू’ एवढ्यावर फाईल बंद होऊ नये. विद्युत निरीक्षकाने येऊन आर्थिंग, फ्यूज आणि जोड तपासावेत, आणि त्याचा अहवाल घरच्यांना आणि मागणाऱ्या संघटनेला मिळावा. धक्क्याने मेली की धक्क्याचं नाव पुढे केलं, हेही त्यातून कळेल.

आणि आपल्या गटांनी काय करायचं? मार्च महिन्यात आठ मार्चचे कार्यक्रम होतात. सत्कार होतात, साड्या नेसून फोटो निघतात. यंदा त्या एका दिवशी सतरंजीवर एक जुना बोर्ड, एक किटकॅट, फ्यूजची तार, टेस्टर आणि पेचकस ठेवा. वीज न जोडता प्रत्येकीला फ्यूज भरून पाहू द्या. आयटीआयमधल्या एखाद्या मुलीला शिकवायला बोलवा आणि तिला मानधन द्या. मग एप्रिल उजाडायच्या आत वस्तीतल्या प्रत्येक घरात दोघी-दोघींनी जायचं. कूलरला तिसरी पिन आहे का, वायरचे जोड उघडे आहेत का, किटकॅटमध्ये कुठली तार आहे, कपड्याची तार लोखंडी आहे का, एवढं पाहून वहीत लिहायचं. कूलर बंद करून, पिन काढून मगच पाणी ओतायचं, हे प्रत्येक घरात सांगायचं. धक्का लागलेल्याला हात न लावता आधी मेन बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने सोडवायचं, हे पोरासोरांनाही शिकवायचं. त्या वहीतल्या नोंदी घेऊन तहसीलवर आणि महावितरणच्या उपविभागावर जायचं. भरलेली वही हातात असली की साहेबाला ‘बघू’ म्हणून वाटेला लावता येत नाही.

अंधाराला आपण फार सरावलो आहोत. फ्यूज उडाला की गप्प बसून वाट पाहायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं. टेस्टर दहा-वीस रुपयांना मिळतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत एक टाका. तो घरात फळीवर, बाईच्या हाताला येईल अशा जागी राहू द्या. आणि कुणी विचारलं, ‘तुला कशाला हवा?’ तर सांगा, बटण मीच दाबते, म्हणून बोर्डही मलाच कळायला हवा.